नागपुरी संत्री थेट बागेतून मागवायची आहेत: कधी, किती आणि कशी?

पेठेतला_फलाहारी
आम्ही पुण्यात तीन शेजारी घरं मिळून २० ते ३० किलो संत्री थेट विदर्भातल्या बागायतदाराकडून मागवायचं म्हणतोय. वरूड भागातल्या एका बागेकडून फोटो आलेत. फळं बरीचशी हिरवट-पिवळी आहेत, पण ते म्हणतात "खायला तयार आहेत". आज नोव्हेंबरची १८ तारीख. आत्ता घ्यावीत की मृग बहाराची येईपर्यंत थांबावं? कुरिअर बरं की ट्रॅव्हल्सचं पार्सल? एका खोक्यात किती किलो भरायला सांगावं? आणि आल्यावर ती टिकवायची कशी? माहीतगारांनी कृपया सविस्तर सांगावं.

वऱ्हाडी_बगीचा
भाऊ, हिरवा रंग पाहून परत फिरू नका. आत्ता चालू आहे तो आंबिया बहार. त्याला जानेवारी-फेब्रुवारीत फूल येतं आणि ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत तोडणी चालते. संत्र्याच्या सालीला भगवा रंग चढायला रात्रीची थंडी लागते. आपल्याकडे ती नोव्हेंबरच्या शेवटी पडते, पण आतला रस त्याआधीच तयार होतो. म्हणून हिरवट साल आणि गोड फोडी ही जोडी आंबियात नेहमीची आहे. उलटं पण होतं. ऑक्टोबरात गॅसच्या खोलीत ठेवून पिवळा केलेला माल दिसायला पिकलेला असतो, खाल्ला की दात आंबतात. इथिलीन गॅस वापरायला कायद्याने परवानगी आहे, कार्बाइडला नाही. पण गॅसने फक्त साल पिवळी होते, साखर वाढत नाही. संत्रा आंब्यासारखा तोडल्यावर पिकत नाही. झाडावर जेवढा गोड झाला तेवढाच.

मग रंगाऐवजी काय विचारायचं? "ब्रिक्स (रसातल्या गोडीचं माप) किती येतो" हे विचारा. आता बऱ्याच बागायतदारांकडे छोटा ब्रिक्स मीटर असतो. बागेच्या चार बाजूंच्या झाडांची फळं कापून १० किंवा वर येत असेल तर मागवा. ९ च्या खाली असेल तर १५ दिवस थांबा. मीटर नसेल तर एक फळ आडवं कापून फोटो मागा. फोडी भरलेल्या आणि चकचकीत दिसल्या पाहिजेत, साल आणि फोडीत मोठी पोकळी नको.

मृगाचं फूल जून-जुलैत येतं आणि तोडणी फेब्रुवारी ते एप्रिल. मृगाचा संत्रा गोडीला आणि रंगाला सरस, हे आमच्याकडे कोणीही सांगेल. पण मे महिन्यात बागेला ताण बसला आणि मृग नक्षत्राचा पाऊस वेळेवर आला तरच तो बहार फुटतो. काही वर्षी तो जवळजवळ नसतोच. तुम्ही दोन्ही घ्या. आत्ता १० किलो, फेब्रुवारीच्या शेवटी बाकीचे. एवढं पाहा, आंबियाचं फळ डिसेंबर संपल्यावरही झाडावर ठेवलं तर साल सुटते, फळ फोफसं होतं आणि रस आटतो. जानेवारीत कोणी "झाडावर पिकवलेला खास आंबिया" म्हणत असेल तर आधी एक किलो मागवून बघा.

ठाणे_पश्चिम
एक गोष्ट आधी तपासा. डिसेंबर ते फेब्रुवारीत "नागपूर संत्रा" म्हणून जो एकसारखा भगवा, चकचकीत, घट्ट सालीचा माल हातगाडीवर असतो, तो बहुतेक वेळा पंजाबकडचा किन्नू असतो. किन्नू वाईट नाही, रसाला उत्तमच आहे. पण नागपुरीच्या नावाने आणि दराने का घ्यावा? किन्नूची साल फोडींना चिकटलेली, बिया जास्त. नागपुरीची साल सैल, जरा खरबरीत, नखाने एका दमात निघते आणि देठाकडे बऱ्याचदा थोडी मान असते. नागपूर संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. विकणाऱ्याकडे अधिकृत वापरकर्त्याचं प्रमाणपत्र असेल तर त्याचा फोटो मागायला संकोच करू नका. नसलं म्हणजे फळ खोटं असं मात्र नाही, कित्येक चांगल्या बागायतदारांनी ते काढलेलंच नसतं.

पार्सल_पक्कं
वाहतुकीबद्दल सांगतो, कारण सगळा घोळ इथेच होतो. फळ झाडावर उत्तम असतं आणि तुमच्या दारात सडलेलं येतं, ते मधल्या तीन दिवसांमुळे.

पुण्यासाठी रात्रीच्या खाजगी ट्रॅव्हल्सचं पार्सल सर्वात बरं. नागपूर किंवा अमरावतीहून संध्याकाळी चढवलं की दुसऱ्या दिवशी सकाळी-दुपारी पुण्यात. पण स्टॉपवरून आणायला स्वतः जावं लागतं, घरपोच नाही. जमिनीवरून जाणारं कुरिअर ४ ते ६ दिवस घेतं आणि वाटेत दोन-तीन गोदामांत खोका फेकला जातो. विमानाचं कुरिअर एवढ्या वजनाला परवडत नाही. कुरिअर करायचंच असेल तर खोका सोमवारी किंवा मंगळवारी निघू द्या. शुक्रवारी निघालेला खोका रविवारभर बंद गोदामात उकडतो.

ट्रॅव्हल्सवाल्याला दोन गोष्टी सांगायला लावा. एक, खोका टपावर नको. दोन, मागच्या इंजिनाशेजारच्या डिक्कीत नको, मधल्या डिक्कीत ठेवा. इंजिनाच्या धगीने रात्रभरात फळ मऊ पडतं. बिल्टीचा (पार्सलच्या पावतीचा) फोटो, गाडीचा नंबर आणि पुण्यातल्या कार्यालयाचा फोन त्याच रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर घ्या. गाडी कुठल्या स्टॉपवर माल उतरवते ते आधीच ठरवा. "पुणे" एवढंच लिहिलं तर खोका वाकडला उतरून पडेल आणि तुम्ही स्वारगेटला वाट पाहाल.

कुरिअरचा दर कधी खऱ्या वजनावर लागतो, कधी खोक्याच्या मापावर. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणा आणि ५००० ने भागा. ४० × ३० × ३० चा खोका ७.२ किलो भरतो, म्हणजे १० किलो संत्र्याला खऱ्या वजनाचाच दर लागेल. पण त्याच १० किलोला ५० × ४० × ३० चा खोका वापरला तर १२ किलोचे पैसे द्याल, शिवाय आत फळं लोळतील.

खोका १० किलोचाच घ्या, पाच पदरी पुठ्ठ्याचा, दोन्ही लांब बाजूंना भोकं असलेला. २० किलोच्या कॅरेटमध्ये तळाच्या फळांवर भार येतो. संत्र्याची साल सैल असल्याने वरून काही दिसत नाही, आतल्या फोडी मात्र फुटलेल्या असतात. तीन थर, थरांमध्ये कागद आणि वरची पोकळी कागदाच्या कातरणांनी भरलेली. हलवून पाहिलं तर आवाज यायला नको, पण झाकण फुगलेलंही नको. तणस स्वस्त पडतं म्हणून भरतात. ते ओलसर असेल तर बुरशी सोबत घेऊन येतं. कातरणंच मागा.

पेठेतला_फलाहारी
मनापासून आभार. वऱ्हाडी_बगीचा दादा, तोडणीबद्दल त्यांना नेमकं काय सांगू? आणि डाग असलेली फळं स्वस्त देतो म्हणाले, घ्यावीत का?

वऱ्हाडी_बगीचा
तोडणीचं हे तंतोतंत सांगा. दव सुकल्यावर, सकाळी ९-१० नंतर तोड. ओल्या सालीला दाब लागला की सालीतल्या तेलाच्या ग्रंथी फुटतात आणि दोन दिवसांत तपकिरी चट्टे पडतात. पाऊस झाला असेल तर दोन-तीन दिवस तोडणी थांबवा. फळ पिळून ओढायचं नाही, कात्रीने कापायचं. हिरव्या देठाचं बटण फळावर राहिलं पाहिजे, पण दांडी लांब नको, नाहीतर ती शेजारच्या फळात घुसते. देठ उपटला की तिथे खड्डा पडतो आणि सड तिथूनच सुरू होते. मजूर पिळून तोडतात कारण काम दुप्पट वेगाने होतं. म्हणून कात्रीच्या तोडणीचे किलोमागे थोडे जास्त द्यावे लागले तर द्या.

तोडल्यावर एक रात्र सावलीत पसरून ठेवायला सांगा. साल जरा नरमते आणि भरताना तडकत नाही. म्हणजे पहिल्या दिवशी सकाळी तोड, दुसऱ्या दिवशी दुपारी भरणी, त्याच संध्याकाळी गाडी, तिसऱ्या दिवशी तुमच्या घरी. यापेक्षा ताजं शहरात मिळत नाही.

डागांत फरक आहे. वाऱ्याने फांदी घासून पडलेला ओरखडा, कोळी या बारीक किडीमुळे तांबूस-खरबरीत झालेली साल, कोळशीचा (काळ्या बुरशीचा) थर, हे सगळं वरवरचं. चव तीच असते. असा माल स्वस्तात मिळाला तर जरूर घ्या. पण टाचणीएवढं भोक आणि भोवती मऊ गोल असेल तर ते रस शोषणाऱ्या पतंगाचं काम. हा पतंग संध्याकाळी अंधार पडल्यावर सोंड खुपसतो. दोन-तीन दिवसांत ते फळ सडतं आणि खोक्यातल्या शेजाऱ्यांनाही घेऊन जातं. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या मालात हे नीट निवडून काढायला सांगा. चुरी, म्हणजे बारीक फळ, रसासाठी चालेल. खायला किलोत ७ ते ९ बसणारं फळ मागा. १० किलोच्या खोक्यात ७० ते ९० नग आले म्हणजे बरोबर.

बांगलादेशने आयात शुल्क चढवत नेल्यापासून तिकडे जाणारा आमचा माल अडला आणि बगीचा उक्ता घेणारे व्यापारी भाव पाडून मागतात. तुमच्यासारखे २०-३० किलो घेणारे शंभर लोक मिळाले तर लहान बागायतदाराचा मोठा आधार होतो. म्हणून घासाघीस भावात करू नका, गुणवत्तेत करा.

शीतकपाट
आल्यावरचं सांगते. खोका आला की तासाभरात उघडा, "संध्याकाळी बघू" म्हणू नका. सगळी फळं चटईवर किंवा कागदावर एकेरी पसरा. ओली, मऊ, बुरशी आलेली बाजूला काढा. हिरवी-पांढरी भुकटी असलेलं फळ हलवू नका. अलगद पिशवीत घालून तोंड बांधा आणि टाका, नाहीतर तिची बीजं सगळ्या फळांवर बसतात. त्याला लागून असलेली फळं पुसून आधी खाऊन टाका. बाकीची धुऊ नका, खाण्याआधीच धुवा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या हवेत पसरून ठेवलेली फळं ७ ते १० दिवस छान राहतात. जास्त टिकवायची तर फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात कापडी किंवा कागदी पिशवीत ठेवा. बंद प्लॅस्टिकमध्ये घाम येतो आणि बुरशी धरते. संत्र्याला ६ ते ७ अंश मानवतात. गोठणकप्प्याजवळच्या फळीवर ठेवली तर सालीवर खड्डे पडतात आणि चव उतरते. केळी किंवा सफरचंदांच्या शेजारी नको, त्यांच्या इथिलीनने देठ लवकर गळतो. देठ हिरवा आहे तोवर फळ ताजं. काळा पडला किंवा गळला की त्या फळाचा नंबर आधी लावा.

रस काढायचा तर लगेच प्या. बियांसकट मिक्सरमध्ये फिरवू नका. ठेवलेला रस काही तासांत कडवट होतो, आणि तो फळाचा दोष नसतो. हलक्या हाताने पिळा, बिया गाळा. साल चकचकीत असेल तर ती मेणाची असू शकते. खाण्यायोग्य मेणाला परवानगी आहे, पण थेट बागेतून घेताना "मेण नको" असं सांगता येतं. सालीचा मुरंबा करणार असाल तर नक्की सांगा.

हिशोबी_ताई
पैशांचं. भाव विचारताना "घरपोच खाण्याजोगा किलो कितीला" एवढंच काढा. नुसता नमुना म्हणून: फळ ६० रुपयांनी १० किलो म्हणजे ६००, खोका-भरणी ५०, पार्सल १५०. झाले ८००. चांगलं निघालं साडेनऊ किलो, तर किलो पडला ८४ ला. हाच आकडा तुमच्या बाजारातल्या भावाशी ताडून बघा. ताज्या फळावर जीएसटी शून्य आहे, बिलात फळाला कर लावला असेल तर विचारा. वाहतुकीवरचा कर वेगळा.

पहिल्या वेळी निम्मे आगाऊ आणि बिल्टीचा फोटो आल्यावर बाकीचे, असं दोघांनाही परवडतं. बागेची खात्री करायची तर सातबाऱ्यावर संत्र्याची नोंद आहे का पाहा, किंवा व्हिडिओ कॉलवर झाडाखाली उभं राहून दाखवायला सांगा. खऱ्या बागायतदाराला यात अडचण नसते. नुकसानीचं आधीच लिहून ठेवा: ८० नगांत ४ पर्यंत खराब निघाले तर ते आपले, त्यापुढच्यांची भरपाई पुढच्या खोक्यात. खोका उघडतानाचा सलग व्हिडिओ २४ तासांच्या आत पाठवायचा. एवढं ठरलेलं असलं की वाद होत नाहीत. आणि वजनात दोन-तीनशे ग्रॅम कमी भरले तर भांडू नका, वाटेत फळातलं पाणी उडतं.

मडगावकर
गोव्याला मागवायचं तर?

पार्सल_पक्कं
नागपूरहून गोव्याचा पल्ला लांबचा, गाडी बदलावी लागली तर खोका एक दिवस स्टॉपवर पडतो. पुण्यात नातेवाईक असतील तर पुण्यापर्यंत ट्रॅव्हल्सने आणि पुढे त्याच संध्याकाळच्या गोव्याच्या गाडीने. मध्ये खोका उघडून भिजलेलं फळ काढून टाकायचं. मार्चनंतर उन्हाळ्यात मागवू नका. ठाण्या-मुंबईकरांना आता सोपं आहे, समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. गाडी समृद्धीने येते का ते फक्त विचारा.

पेठेतला_फलाहारी
सगळ्यांचं वाचून त्यांना हा संदेश लिहिलाय, काही राहिलं असेल तर सांगा:
"आंबिया, १० किलोचे २ खोके, किलोत ७ ते ९ नग. ब्रिक्स १० च्या वर आल्यावरच तोडा. दव सुकल्यावर, कात्रीने, देठाच्या बटणासह. एक रात्र सावलीत. पाच पदरी खोका, कागदाची कातरणं, मेण नको. मंगळवारी संध्याकाळची गाडी, मधली डिक्की, उतरवायचं स्वारगेटला. बिल्टीचा फोटो त्याच रात्री."

वऱ्हाडी_बगीचा
पतंगाने टोचलेली फळं निवडून काढायचं राहिलं, ते घाला. आणि खोक्यावर तोडणीची तारीख मार्करने लिहायला सांगा, भरणीची नव्हे. मृगाचे खोके हवे असतील तर जानेवारीच्या शेवटी फोन करा. मृग कमी असला तर बगीचे तेव्हाच बोलून ठेवलेले असतात.