धुरापेक्षा टाकीत डोकवा
मलेरिया रोखायला धुराची फवारणी वाढवा, असं काही जण म्हणतात. धुराने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात. शिवाय मलेरिया पसरवणाऱ्या डासाला, म्हणजे अ‍ॅनोफिलीसला गटार लागत नाही, उघड्या टाकीतलं स्वच्छ पाणी पुरतं. टॉर्च मारून बघा: पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडलेली अळी त्याची, क्यूलेक्स या दुसऱ्या जातीच्या डासाची डोकं खाली करून तिरकी लटकते. अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून तर साठलेलं पाणी आठवड्याला ओतून द्यायचं.

आणि मलेरिया झालाच तर ताप उतरला म्हणून गोळ्या सोडू नका. व्हायवॅक्स हा मलेरियाचा एक परजीवी यकृतात दडून राहतो, महिन्यांनी परत हुडहुडी भरते. डॉक्टर प्रायमाक्विन हे औषध देतात ते त्यासाठीच.