मदत हवी आहे: एमएम ५४० जीपच्या जुन्या इंजिनाचं काम करावं की डीआय (डायरेक्ट इंजेक्शन डिझेल इंजिन) बसवावं?

नमस्कार मंडळी. गाव घाटंजी तालुक्यात, जिल्हा यवतमाळ. वडिलांनी १९९४ साली घेतलेली महिंद्रा एमएम ५४० अजून घरी आहे. हंगामात कापूस जिनिंगला न्यायचा, पेरणीला खताच्या बॅगा आणायच्या, आणि रात्री-बेरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर आधी आमचंच दार वाजतं. वडील आता नाहीत. गाडी विकायची नाही, एवढं घरात पक्कं आहे.

इंजिन मूळचंच, प्यूजोचं एक्सडीपी ४.९०, २११२ सीसी. सकाळी दोन-तीनदा हीटर (इंजिन आतून तापवणारा) धरल्याशिवाय लागत नाही. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण नुसतं टेकवून ठेवलं तर थडथड उडतं, खालून भकभक धूर. घाटात भरली गाडी दुसऱ्या गिअरवर येते.

चार वर्षांपूर्वी एका गॅरेजात पिस्टनच्या रिंगा टाकल्या होत्या. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) मोजलाच नव्हता, हे मागाहून कळलं. लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो ती नळी, एका बाजूनं झिजलेला असेल तर नवी रिंग धरणार कशी? सहा महिन्यांत निळा धूर परत सुरू. त्या वेळी मीच समोर उभं राहून माप घ्यायला लावायला हवं होतं, याची हळहळ अजून वाटते.

आता मिस्त्री म्हणतो, "भाऊ, याच्यात काई जीव राह्यला नाही. डीआय टाका, ट्रॅक्टरवानी ओढते." त्यात तथ्य आहे. २५२३ सीसीचं डीआय ट्रॅक्टरच्याच घराण्यातलं, कमी आरपीएमला ओढ जास्त, सामानही सहज मिळतं. पण माउंटिंग, बेल हाउसिंग (इंजिन गिअरबॉक्सला जोडणारं कवच), सायलेन्सरचा पाइप सगळं जुळवावं लागणार. एक्सडीपी ४५०० आरपीएमपर्यंत फिरतं, डीआय त्याच्या बरंच आधी थांबतं. क्राउन-पिनियन (अ‍ॅक्सलमधले गिअर) तेच ठेवलं तर रस्त्यावर गाडी रडणार. रात्री पेशंट घेऊन यवतमाळ गाठायचं असतं तेव्हा ते परवडत नाही.

शिवाय कागद. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदीशी न जुळणारा बदल मनानं करता येत नाही. २०२४ ला पाच वर्षांचं पासिंग करून घेतलंय, २०२९ ला इंजिन नंबर परत बघतील. उद्या अपघात झाला आणि विम्यात हेच निघालं तर? मिस्त्री म्हणतो "होऊन जाते", मला ते पटत नाही.

माझा कल एक्सडीपीकडेच आहे: लायनर-पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग, आणि पंप-नोझल एकदमच. अडलंय ते क्रँकवर. मागे एकदा ग्राइंड झालेला आहे, किती साइझला ते कुठंच लिहिलेलं नाही. अजून एकदा घासून आणखी एक साइझ निघेल का, की दुसरा क्रँक शोधावा? अमरावती-नागपूरकडे एक्सडीपीचं काम मापं घेऊन करणारं लेथ वर्कशॉप कुणाला माहीत आहे का? आणि ज्यांनी ५४० मध्ये डीआय टाकून आरसीवर रीतसर चढवलंय, त्यांनी आरटीओत आधी काय दिलं ते सांगा. कापूस वेचणीला येण्याआधी गाडी उभी राहायला हवी.