गणपतीच्या देखाव्यातली माथेरानची राणी चढ चढत नाही, मदत हवी आहे

ठाण्यात आमच्या सोसायटीच्या गणपतीत यंदा नेरळ-माथेरान रेल्वे दाखवतोय: १९०७ ची सुरुवात, २००५ च्या पुरातली वाताहत, २०१९ च्या पावसात पुन्हा बंद आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये परत धावलेली गाडी. चित्रं, माहितीचे फलक तयार आहेत. अडलंय ते गाडीपाशी.

टेबल ६ बाय ४ फुटांचं. रूळ लंबगोल, अर्ध्या फेरीत ८ इंच चढ, उरलेल्या अर्ध्यात उतार. सेलवरचं खेळण्यातलं इंजिन चढावर जागीच चाकं फिरवत बसतं. चारचे दोन डबे केले, इंजिनात नाणी भरून वजन वाढवलं, चाकांना रबरबँड लावले. आता चढतं, पण वळणावर रूळ सोडतं. खऱ्या मार्गावर सगळ्यात तीव्र चढ २० ला १ (२० फूट पुढे गेल्यावर १ फूट वर) आहे, आमचा ११ ला १ च्या आसपास! पण खऱ्याइतका, २० ला १ ठेवला तर डोंगर जेमतेम साडेचार इंचांचा, म्हणजे टेकाडच.

थर्माकोल नको, पुठ्ठा आणि कागदाचा लगदाच वापरतोय. गाडी पाच दिवस, रोज संध्याकाळी चार तास चालायला हवी. खर्च दोन हजारांच्या आत.

कुणी असं केलंय का? इंजिन तसंच ठेवून वळण सपाट करावं, की टेबलाखालून मोटर आणि दोऱ्याने गाडी ओढावी? दोरा वळणावर अडकू नये म्हणून काय करता?