मदत हवी आहे: 'द वायर' बघतोय, कोण कुणाचा तेच कळेना

मंडळी, एक मदत हवीय. पोलिस विरुद्ध गुन्हेगारी घराणं असलं काही असेल तर मी झोप सोडून बघतो, त्यामुळे सगळे इतकं डोक्यावर घेतात म्हणून 'द वायर' या अमेरिकन मालिकेचा पहिला सीझन लावला. अर्ध्यावर आलोय आणि डोक्याचा पार भुगा झालाय. बाल्टिमोर शहर, बार्क्सडेल गँग, डिटेक्टिव्ह मॅकनल्टी तिच्या मागे हात धुऊन लागलाय, इथवर ठीक आहे. पण हे पोलिस करतायत काय नक्की? अख्ख्या जगाला माहितीय की ती पोरं चौकात नारिंगी सोफ्यावर बसून ड्रग्जचा माल विकतायत, मग उचला ना! ते सोडून एक जण गच्चीवर दुर्बीण घेऊन बसलाय, एक तळघरात हेडफोन लावून. वर नावं इतकी आहेत की मला अजून कोण कुणाचा बॉस तेही सांगता येणार नाही. पुढे वेग घेते का? की सरळ दुसरा सीझन लावू? प्लीज स्पॉयलर नको, फार तर जिथवर आलोय तिथवरचं बोला.

प्रतिसाद:
दुसरा सीझन अजिबात लावू नकोस, ती गोदीतल्या कामगारांची गोष्ट आहे, तुला वाटेल चुकून दुसरीच मालिका लागली. बार्क्सडेल त्यातही आहेत पण मागचं न बघता काही कळणार नाही.
पोरांना उचलायचं म्हणशील तर साहेब लोकांनाही तेच हवंय की, चार पोरं धरा, टेबलावर माल मांडून फोटो काढा, केस बंद. दुसऱ्या दिवशी सोफ्यावर दुसरी चार पोरं. अ‍ॅव्हन म्हणजे गँगचा म्होरक्या, तो स्वतः मालाला हात लावत नाही, पैसे घेणारा वेगळा, माल देणारा वेगळा, आणि निरोप पेजर आणि सार्वजनिक फोनवरून. त्याचा साधा फोटो नव्हता पोलिसांकडे, त्यांच्यातल्याच लेस्टरने त्याच्या बॉक्सिंगचं जुनं पोस्टर शोधून आणलं ते आठवतंय ना? अशा माणसाला गाठायचं तर फोनच ऐकावा लागतो, आणि त्यासाठी आधी कोर्टाला पटवून द्यावं लागतं की बाकीचे मार्ग वापरून झाले, काही हाती लागत नाही. फोन सार्वजनिक, म्हणजे कुणीही येऊन आपल्या आईशी बोलेल, ते ऐकायची परवानगी नाही. म्हणून गच्चीवरचा माणूस. गँगचा माणूस फोनपाशी दिसला तरच ऐकायचं.

प्रतिसाद:
वरचं बरोबर आहे पण मी तर म्हणेन नावं पाठ करायच्या नादी लागूच नको, नाती धर. डीअँजेलो हा अ‍ॅव्हनचा सख्खा भाचा, बहिणीचा मुलगा. त्याने गरज नसताना एकाचा खून केला, मामाने पैसा ओतला, साक्षीदार फिरवला, पोरगा सुटला आणि शिक्षा काय तर उंच इमारतींमधल्या मोठ्या धंद्यावरून काढून खालच्या चौकात बसवला. दुसरा कुणी असता तर? आता पोलिसांत बघ, प्रेझ. हा मेजर वॉल्चेकचा जावई. एका पोराचा डोळा घालवला पठ्ठ्याने, तरी नोकरी शाबूत, फक्त रस्त्यावरून उचलून टेबलाशी बसवला. एकीकडे भाचा, एकीकडे जावई, आणि दोन्हीकडे निस्तरायला बाकीचे! हे लक्षात ठेवून पहिला भाग परत बघ, ती कोर्टातली मंडळी लगेच ओळखू येतील.
लिहिणारा डेव्हिड सायमन तिथल्याच पेपरचा क्राइम रिपोर्टर होता आणि जोडीला एड बर्न्स, बाल्टिमोर पोलिसातला माजी डिटेक्टिव्ह. त्यामुळे ते कुणाला थांबून समजावत बसत नाहीत, राग येतो सुरुवातीला.

मूळ धागाकर्ता:
अरे जावई??? तरीच त्यांच्या पथकाचा साहेब डॅनियल्स त्या प्रेझला नुसता सहन करतोय! आणि हाच ना तो ज्याने ऑफिसातच भिंतीत गोळी झाडली? मग गँग पेजरवर फोन नंबर ज्या कोडमध्ये पाठवते तो यालाच कसा सुटला, तो सीन माझ्या डोक्यावरून गेला.

प्रतिसाद:
तोच. फोनची बटणं डोळ्यासमोर आण, मधोमध ५. प्रत्येक आकडा ५ च्या पलीकडे उडी मारतो, म्हणजे १ चा ९, २ चा ८, ३ चा ७, ४ चा ६ आणि उलटंही तसंच. राहिले ५ आणि ०, त्यांची आपसात अदलाबदल. शाळा सोडलेली पोरंही पाठ न करता वापरतील असा कोड. सबटायटल मात्र चालू ठेव बाबा, त्या चौकातली भाषा त्याशिवाय कुणालाच कळत नाही.

मूळ धागाकर्ता:
सुटलं! पहिल्या भागापासून परत लावतोय, अडलो की इथेच विचारेन. तोवर त्या ओमारबद्दल कुणी चकार शब्द काढू नका.