मदत हवी आहे: 'बॅक इन ब्लॅक'साठी गिटार आणि अँपचा टोन जमत नाही

बेसूर:
महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात आम्ही एसी/डीसी या रॉक बँडचे 'बॅक इन ब्लॅक' हे गाणे वाजवणार आहोत. मूळ ध्वनिमुद्रणातली गिटार भरदार आणि करकरीत असूनही स्वच्छ ऐकू येते. माझ्या अँपमधून मात्र मधमाश्यांचे पोळे उठल्यासारखा आवाज येतो. गेन (आवाज फाटण्याचे प्रमाण) पूर्ण वाढवला आहे, बास आणि ट्रेबल भरपूर आहेत, मिड शून्यावर आहे. खोलीत एकट्याने वाजवताना बरे वाटते, पण ड्रम सुरू झाले की माझी गिटार कुणालाच ऐकू येत नाही. कृपया सेटिंगचे नेमके आकडे द्यावेत. वेळ फार थोडा आहे.

सोल्डरगन:
गिटार कोणती, अँप कोणता, कोणत्या पिकअपवर (तारांचे कंपन टिपणाऱ्या वेटोळ्यावर) वाजवता, यांपैकी काहीच लिहिलेले नाही. मग आकडे कशाच्या आधारावर द्यायचे?

बेसूर:
गिटार स्ट्रॅटोकास्टरच्या धाटणीची आहे आणि अँप नेहमीचा, सरावाचा आहे. आकडे सर्वसाधारण दिले तरी चालतील.

सोल्डरगन:
मग रोग सापडला. एसी/डीसीचा गिटारवादक अँगस यंग गिब्सन एसजी वाजवतो आणि तिच्यात हंबकर, म्हणजे दुहेरी वेटोळ्याचे पिकअप असतात. तुमच्या गिटारीत एकेरी वेटोळ्याचे, म्हणजे सिंगल कॉइल असणार. सिंगल कॉइलच्याच मापाचा हंबकर मिळतो, तो ब्रिजजवळच्या (तारा खाली टेकतात तिथल्या) पिकअपच्या जागी बसवून घ्या. मी स्वतः बसवला आहे आणि त्यानंतर मागे वळून पाहिलेले नाही.

मंद्र:
प्रत्येक धाग्यावर पिकअप बदलण्याचा सल्ला देणे आता पुरे करावे. त्या गाण्यात दोन गिटारी आहेत आणि दुसरी, अँगसचा भाऊ माल्कम यंग याची, एसजी नसून ग्रेच कंपनीची आहे. तरीही दोन्ही एकाच घरातल्या वाटतात, कारण दोघांच्याही अँपवर गेन आपल्या समजुतीपेक्षा बराच कमी आहे. हेडफोनची एकच बाजू कानाला लावून ऐका; एकटी गिटार किती साधी आहे हे लगेच कळेल. आपल्याला जो भरदारपणा वाटतो, तो डावी-उजवीकडे विभागलेल्या दोन गिटारी, बास आणि ड्रम यांच्या बेरजेतून आलेला आहे.

सोल्डरगन:
ग्रेचचे फिल्टरट्रॉन पिकअपसुद्धा हंबकरच असतात, हे सोयीस्कररीत्या विसरलात.

मंद्र:
विसरलो नाही, पण त्यांचा आवाज एसजीच्या पिकअपपेक्षा पातळ असतो आणि तरीही काम भागते, एवढेच माझे म्हणणे आहे. मुख्य मुद्दा कॉर्डचा आहे. हे रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा गिटारीचा तुकडा, मोकळ्या ई, डी आणि ए या कॉर्डवर उभे आहे. जास्त डिस्टॉर्शनमध्ये (फाटलेल्या आवाजात) पॉवर कॉर्ड निभावून जाते, कारण तिच्यात मूळ स्वर आणि पंचम एवढेच असतात. परंतु पूर्ण कॉर्डमधला गंधार त्यांच्यात मिसळला की स्वरांच्या बेरजा-वजाबाक्यांतून नवे, बेसूर ध्वनी तयार होतात आणि सगळा चिखल होतो. म्हणून गेन इतका उतरवा की डीची कॉर्ड छेडल्यावर प्रत्येक तार वेगळी ऐकू येईल, आणि उरलेला करकरीतपणा हाताच्या जोराने काढा.

काचेचानाद:
हे सर्व खरे असले तरी तो आवाज वॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) अँपशिवाय मिळणे नाही. मार्शल कंपनीच्या जुन्या सुपर लीड अँपला मास्टर व्हॉल्यूमच (फाटलेपणा राखून एकूण आवाज कमी करणारा नॉबच) नव्हता. तो १९७५ च्या सुमारास २२०३ या मॉडेलवर आला. त्यापूर्वी अँप फाटायला हवा असेल तर आवाजच वाढवावा लागे. तेव्हा जुना वॉल्व्ह अँप शोधावा, हा माझा आग्रहाचा सल्ला आहे.

मंद्र:
स्नेहसंमेलनासाठी शंभर वॅटचा मार्शल?

तारसप्तक:
सोलो अवघड जात असेल तर मेट्रोनोमवर अर्ध्या लयीत सुरुवात करावी आणि तारा दहाच्या गेजच्या (जाडीच्या) घ्याव्यात.

बेसूर:
सोलोची अडचण नाही. अँप पंधरा वॅटचा आहे, स्पीकर सहा इंची. पिकअप निवडायचा सिलेक्टर मधोमध असतो.

मंद्र:
हे आधीच सांगितले असते तर इतके प्रतिसाद वाचले असते. सिलेक्टर ब्रिजकडे न्या, गेन तीनच्या आसपास ठेवा, बास चार, मिड सात आणि ट्रेबल पाच, आणि तिथून पुढे कानाने ठरवा. हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि टीप दोन्ही कमी ऐकू येतात, म्हणून मिड काढलेला टोन खोलीत गोड लागतो. परंतु बँडमध्ये खालची जागा बास आणि किक ड्रमने, तर वरची झांजांनी आधीच व्यापलेली असते. गिटारीला उरतो तो मध्यच आणि तुम्ही नेमका तोच शून्यावर ठेवला आहे. शिवाय अँप जमिनीवर न ठेवता खुर्चीवर, तुमच्याकडे किंचित कलता ठेवा, कारण स्पीकरमधली टीप सरळ रेषेत जाते आणि जमिनीवरचा अँप ती फक्त पोटऱ्यांना ऐकवतो.

बेसूर:
ड्रमसोबत वाजवून पाहिले. गिटार आता स्पष्ट ऐकू येते, मात्र एकट्याने ऐकताना टोन रूक्ष वाटतो. सभागृहात एवढासा अँप पुरेल का? हेडफोनच्या जॅकमधून सरळ मिक्सरला वायर द्यावी, असे आमचा ड्रमर म्हणतो.

सोल्डरगन:
पुरणार नाही, आणि ड्रमरचेही ऐकू नका. गिटारीचा स्पीकर पाच किलोहर्ट्‌झच्या वरचा बराचसा भाग स्वतःच गाळून टाकतो. अँपमध्ये स्पीकर सिम्युलेशन (या गाळण्याची नक्कल) नसेल तर जॅकमधून तीच चरचर मोठी होऊन बाहेर पडेल. सभागृहाच्या साउंडवाल्याकडे एसएम ५७ किंवा तत्सम माइक असेलच. तो जाळीला जवळजवळ टेकवून, स्पीकरच्या मधल्या टोपीच्या कडेसमोर धरायला सांगा. आवाज टोचू लागला तर कडेकडे सरकवा, मंद वाटला तर मध्याकडे. पिकअपचे स्नेहसंमेलनानंतर पाहू.