मदत हवी आहे: वाईत एक दिवस, सोबत गुडघेदुखीचे बाबा

नमस्कार मंडळी. येत्या थंडीत आई-बाबांना घेऊन पुण्याहून वाईला जायचंय. महाबळेश्वरला जाताना दरवेळी गाव मागे टाकतो, यंदा फक्त वाईच.

ढोल्या गणपती नक्की आहे. सरदार रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलेलं हे देऊळ पाण्याच्या लोंढ्याला तोंड द्यायला मागून माशासारखं निमुळतं केलंय, ते बाबांना दाखवायचंच. (निवृत्त ओव्हरसिअर आहेत, तासभर तिथेच जाणार!) पण घाटाच्या पायऱ्या न उतरता मागची बाजू दिसते का? गाडी कुठपर्यंत जाते?

मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि वसईच्या मोहिमेतली ती पोर्तुगीज घंटा पाहायची आहे. वाडा आतून बघायला आधी कुणाला विचारावं लागतं का?

आईला कृष्णाबाईचा, म्हणजे कृष्णा नदीचा उत्सव हवाय. प्रत्येक घाटाचा वेगळ्या दिवशी असतो, तर यंदाच्या तारखा घाटावरच्या मंडळींकडून कळतील की नगरपरिषदेत?

आणि मराठी विश्वकोशाचं कार्यालय वाईतच आहे ना, तिथे जुने खंड विकत मिळतात का? हे माझ्यासाठी.

वाईकरांनो, जेवायचंही सांगा. साधं, घरगुती चालेल.