पंप बंद, तरी पाणी चालूच?

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत उडून गेलेलं पाणी भरून काढायला बादलीतलं गोडं पाणी पंपाने संपमध्ये, म्हणजे मुख्य टाकीला जोडलेल्या खालच्या टाकीत सोडतात; हाच टॉप-अप. पंप बंद झाल्यावरही हे पाणी संपमध्ये येत राहतं अशी तक्रार आहे, आणि त्यावर चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बसवायचा सल्ला दिला गेलाय. माझा त्यावर भरवसा नाही. बारीक कचरा अडकला की तो नीट मिटत नाही. शिवाय तो उलट्या दिशेचा प्रवाह अडवतो. इथे पाणी सुलट्याच दिशेने जातंय.

मुळात नळीचं संपकडचं टोक बादलीतल्या पाण्याच्या पातळीखाली आहे, म्हणून सायफन लागतो, म्हणजे पंपाशिवायच पाणी नळीतून ओढलं जात राहतं. टोक भरलेल्या बादलीच्या पातळीपेक्षा वर घ्या आणि संपच्या पाण्यात बुडवू नका, हवेतच राहू द्या. बुडालेलं असेल आणि बादलीतली पातळी संपच्या पातळीपेक्षा खाली असेल, तर खारं पाणी उलटं बादलीत येतं. ते तर आणखी वाईट, कारण पुढचा टॉप-अप मिठाचा होतो.

जागेअभावी टोक वर घेता येत नसेल तर नळीच्या सगळ्यात उंच वळणावर बारीक भोक पाडा. पंप थांबला की तिथून हवा शिरते आणि धार तुटते. पंप चालू असताना भोकातून चिळकांडी उडणारच, तिचं तोंड बादलीकडे ठेवा. भोक मिठाने किंवा क्षाराने बुजतं, अधूनमधून टाचणी फिरवा.

तपासणी बादली काठोकाठ भरूनच करा; अर्ध्या बादलीवर सगळं ठीक दिसतं. पंप चालवा, प्लग काढा आणि टोकाकडे बघत बसा.

आणि बादली बेताचीच ठेवा. 100 लिटर खाऱ्या पाण्यात 10 लिटर गोडं पाणी गेलं तर क्षारता (हजार भाग पाण्यात मिठाचे भाग) 35 वरून 32 च्या आसपास येते.